बर्फावरची वाट आणि इनुइट वाटाड्या

हिमाच्छादित प्रदेशात माणूस दोन पावलांत मांडीपर्यंत रुततो. तोच माणूस पायाला दोन लांब पट्ट्या बांधून त्याच हिमावरून झरझर घसरत जातो. वजन तेच, हिमही तेच. मग बदलले काय? दाबाच्या पाठात आपण हा प्रश्न विचारतो, ‘क्षेत्रफळ वाढले, म्हणून दाब कमी झाला’ असे उत्तर देतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. पण खरोखरच दहा दिवस बर्फावरून चालायचे असेल, तर एवढे उत्तर पुरत नाही. तेथे उष्णता, घर्षण, क्षारता, प्रकाश आणि शरीरशास्त्र हे सगळे विषय एकदमच परीक्षेला बसतात. आणि त्या परीक्षेतील चुकीची शिक्षा गुण कमी होणे ही नसते.

अशा प्रवासाचे एक चांगले उदाहरण कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन बेटावर आहे. तेथे औयुइत्तुक नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९७६ साली हा प्रदेश राखीव झाला आणि २००१ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा पूर्ण दर्जा मिळाला. इनुक्टिटुट भाषेत या नावाचा अर्थ ‘कधीही न वितळणारी भूमी’ असा आहे. उद्यानातून जाणारी अक्षायुक खिंड सुमारे ९७ कि.मी. लांब असून उत्तरध्रुववृत्त तिला छेदून जाते. खिंडीच्या कडेला थोर नावाचा डोंगर उभा आहे. त्याचा एक कडा सुमारे १२५० मीटर खोल असून तो सरळ उभाही नाही, चक्क पुढे झुकलेला आहे.

हिवाळ्याच्या अखेरीस, विशेषतः एप्रिलमध्ये, स्कीवरून ही खिंड पार करणारी पथके येतात. त्या वेळी दिवस बराच मोठा झालेला असतो. पण समुद्र आणि नद्या अजून गोठलेल्या असतात. दक्षिणेकडील पँगनिर्तुंग या गावी उद्यानाच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते व धोक्यांची माहिती घ्यावी लागते. मग गावातील इनुइट वाटाड्या पथकाला गोठलेल्या खाडीवरून खिंडीच्या तोंडाशी नेतो. दुसऱ्या टोकाला किकिक्तारजुआक गावाकडील वाटाडे पथकाला परत आणतात. काही मोहिमांत वाटाड्या सगळा वेळ बरोबरच असतो.

इनुइट कोण?

आपल्याकडच्या भूगोलाच्या अनेक पुस्तकांत या लोकांना ‘एस्किमो’ म्हटले आहे. हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. ते स्वतःला ‘इनुइट’ म्हणजे ‘माणसे’ म्हणतात; एका माणसाला ‘इनुक’. १९७७ साली निरनिराळ्या देशांतील या लोकांनी एकत्र येऊन आपल्यासाठी इनुइट हे नाव स्वीकारले. १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडात नुनावुत हा स्वतंत्र प्रशासकीय प्रदेश अस्तित्वात आला. तेथील बहुसंख्य लोक इनुइट आहेत.

विद्यार्थ्यांच्या मनातील आणखी एक चित्र बदलायला हवे. आजचा इनुइट वाटाड्या लाकडी घरात राहतो, स्नोमोबाइल चालवतो, उपग्रहाद्वारे चालणारा फोन बाळगतो. हिमाचे घर, म्हणजे इग्लू, हा कॅनडाच्या उत्तर भागात मुख्यतः हिवाळ्यातला व प्रवासातला निवारा होता. तो बांधण्याचे कौशल्य आजही उपयोगी पडते, कारण वादळात अडकल्यावर तंबू फाटू शकतो, इग्लू फाटत नाही.

पाय का रुततो?

येथे ‘हिम’ आणि ‘बर्फ’ हे दोन शब्द वेगळे ठेवू. आकाशातून पडणारे व जमिनीवर साचणारे ते हिम. पाणी गोठून झालेला घट्ट पदार्थ तो बर्फ. ताजे हिम हे बहुतांशी हवाच असते. एका घनमीटर ताज्या हिमाचे वजन ५० ते १०० किलो भरते, तर तेवढ्याच पाण्याचे १००० किलो.

समजा, पाठीवरच्या सामानासह माणसाचे वजन ८० किलो आहे. चालताना बराच वेळ सगळा भार एकाच पायावर असतो. बुटाच्या तळाचे क्षेत्रफळ २५० चौ. सें.मी. धरले, तर दर चौ. सें.मी.वर ३२० ग्रॅम भार येतो. बॅडमिंटनच्या रॅकेटसारखे दिसणारे जाळीदार स्नोशू पायाला बांधले आणि त्याचे क्षेत्रफळ १२०० चौ. सें.मी. असले, तर हाच भार ६७ ग्रॅमवर येतो. १९० सें.मी. लांब व ६ सें.मी. रुंद स्कीचे क्षेत्रफळ सुमारे ११०० चौ. सें.मी., म्हणून भार ७३ ग्रॅम. दाबाच्या दृष्टीने दोन्ही साधने जवळजवळ सारखीच. फरक आहे तो चालीत. स्नोशू घालून पाऊल उचलावेच लागते, तर स्की पुढे घसरते, म्हणजे प्रत्येक पावलामागे काही अंतर फुकट मिळते. उलट चढावर, झुडपांत आणि दगडगोट्यांत लांब स्की अडचणीची होते. तेथे खाली दाते असलेला आखूड स्नोशू बरा. म्हणून अनेक पथके दोन्ही साधने बरोबर घेतात.

येथे एक मजेची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्नोशू हे मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या जंगलातील इनु, क्री अशा लोकांचे साधन. स्की ही युरोप-आशियाच्या उत्तरेकडील. बॅफिन बेटावरच्या इनुइटांना या दोहोंचीही फारशी गरज पडली नाही. कारण काय? जंगलात वारा अडतो, त्यामुळे हिम भुसभुशीत राहते. उघड्या टुंड्रावर व समुद्रावर वारा हिमकणांना फरफटत नेतो, त्यांचे काटे मोडतो आणि ते बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटतात. अशा हिमाचे वजन दर घनमीटरला ३५० ते ४०० किलोपर्यंत जाते आणि त्यावर साध्या पादत्राणानेही चालता येते. कोणते साधन कोणत्या लोकांनी वापरले, याचे उत्तर पुष्कळदा तेथल्या वाऱ्यात सापडते.

इनुक्टिटुट भाषेत हिमाच्या या अवस्थांना वेगवेगळी नावे आहेत. पडत असलेले हिम ‘कानिक’, जमिनीवरचे ‘अपुट’, पाय रुतणारे मऊ हिम ‘मौयाक’, आणि थराच्या तळाशी तयार होणारे साखरेसारखे मोकळे कण ‘पुकाक’. उतारावर पुकाकचा थर दडलेला असेल, तर वरचा थर त्यावरून घसरून हिमकडा कोसळू शकतो. तेव्हा ही नावे म्हणजे नुसती शब्दसंपत्ती नाही. ती धोक्याची वर्गवारी आहे.

स्की घसरते कशी?

‘दाबामुळे बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून स्की घसरते’ असे स्पष्टीकरण पुष्कळ पुस्तकांत आढळते. ते आकड्यांवर तपासून पाहू. बर्फाचा द्रवणांक एक अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणांएवढा दाब लागतो. स्कीखालचा सरासरी दाब एका वातावरणाच्या १४व्या भागाएवढा आहे. प्रत्यक्षात स्की हिमकणांच्या टोकांवरच टेकते. स्पर्शाचे क्षेत्र स्कीच्या शंभराव्या भागाएवढेच धरले, तरी दाब सात वातावरणे होतो. उणे २० अंशांवरचा बर्फ वितळवायला मात्र दोन हजार वातावरणांच्या जवळपास दाब हवा. तेव्हा हे स्पष्टीकरण टिकत नाही.

खरे कारण दुहेरी आहे. बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे पृष्ठभाग मुळातच थोडा सैल असतो. शिवाय घसरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते व त्या टोकांवर पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. म्हणूनच उणे ५ अंशांवर स्की छान पळते आणि उणे ३० अंशांवर वाळूतून ओढल्यासारखी अडखळते.

सामान वाहणाऱ्या ‘कामुटिक’ या इनुइट घसरगाडीतही हेच तत्त्व आहे. पूर्वी तिच्या पट्ट्यांना ओला चिखल थापून तो गोठवत. मग त्यावर पाण्याचा हात फिरवून बर्फाचा गुळगुळीत थर चढवत, कारण थंड हिमावर लाकूड किंवा धातू यांपेक्षा असा बर्फ कमी अडतो. आता पट्ट्यांना प्लॅस्टिक लावतात. पण आडव्या फळ्या दोरीने बांधण्याची पद्धत अजून टिकून आहे. खिळ्यांनी ठोकलेली गाडी खडबडीत बर्फावर आपटून मोडेल. दोरीची गाडी वाकते, पिळवटते आणि पुन्हा सरळ होते.

समुद्रावरून जाणारी वाट

खिंडीपर्यंतचा प्रवास गोठलेल्या समुद्रावरून होतो, आणि वाटाड्याची खरी गरज येथे कळते. गोडे पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते. म्हणून तळ्याचे पाणी ४ अंशांपर्यंत थंड झाले की त्यापुढे वरचाच थर थंड होत जातो व लवकर गोठतो. समुद्राचे खारे पाणी मात्र सुमारे उणे १.८ अंशांवर गोठते आणि गोठेपर्यंत जड होतच राहते. थंड झालेले पाणी खाली बसते, खालचे वर येते. त्यामुळे समुद्र उशिरा गोठतो. गोठताना मीठ बाहेर टाकले जाते आणि त्यातील काही भाग बर्फात खाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म कप्प्यांच्या रूपाने अडकतो. म्हणून समुद्राचा नवा बर्फ लवचीक असतो. तो वाकतो, तर तळ्याचा तेवढाच जाड बर्फ काचेसारखा तडकतो.

वाटाड्या पुढे जाऊन लोखंडी टोकाच्या काठीने किंवा भाल्याने बर्फावर घाव घालतो. टोक किती घावांत आरपार जाते, आवाज कसा येतो, रंग काळसर आहे की पांढुरका, यावरून तो जाडीचा अंदाज घेतो. नव्या, कोवळ्या बर्फाला ‘सिकुलियाक’ म्हणतात. जेथे बर्फ संपून उघडे पाणी सुरू होते, त्या कडेला ‘सिना’.

नवख्या माणसाला पांढराशुभ्र, जाड हिमाने झाकलेला भाग सुरक्षित वाटतो. अनुभवी वाटाड्याला त्याचाच संशय येतो. घट्ट बर्फातून जेवढी उष्णता वाहते, तिच्या साधारण दहावा हिस्सा हिमातून वाहते. म्हणजे १० सें.मी. हिमाची दुलई ही जवळजवळ एक मीटर बर्फाएवढी उष्णता अडवते. बर्फ कोवळा असतानाच भरपूर हिम पडले, तर खालच्या पाण्याची उष्णता वरच्या थंड हवेला मिळत नाही आणि बर्फाची वाढ खुंटते. अरुंद सामुद्रधुनीत व भूशिरांजवळ प्रवाह जोराचा असल्याने बर्फ खालूनही झिजतो. वरून हे काहीच दिसत नाही. कोणत्या भूशिरापाशी दरवर्षी असे होते, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे, त्यालाच ते ठाऊक असते.

घाम हा शत्रू

उणे ३० अंश तापमान आणि ताशी ३० कि.मी. वारा असला, तर उघड्या कातडीला होणारा त्रास शांत हवेतल्या उणे ४६ अंशांएवढा असतो. याला शीतवारा निर्देशांक म्हणतात. वारा कोणतीही वस्तू हवेपेक्षा थंड करीत नाही. तो शरीराभोवतीची ऊबदार हवेची झूल उडवून नेतो आणि उष्णता लवकर जाते, एवढेच.

मात्र अशा थंडीत वाटाडे वारंवार बजावतात ते ‘घाम येऊ देऊ नका’ असे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक आहे. ओले कपडे ऊब धरत नाहीत, आणि थांबल्यावर तोच घाम कपड्यांत गोठतो. म्हणून चालण्यापूर्वी एक कपडा उतरवायचा, थोडी थंडी वाजू द्यायची आणि थांबताच तो पुन्हा चढवायचा.

कॅरिबू हरणाच्या कातड्याचे पारंपरिक इनुइट कपडे याच तत्त्वावर बेतलेले आहेत. आतल्या अंगरख्याचे केस शरीराकडे, बाहेरच्याचे केस बाहेरच्या बाजूला. या केसांच्या आत हवेचे असंख्य कप्पे असतात. अंगरखा सैल असल्याने गळ्याशी जरा मोकळे केले, की गरम दमट हवा वरून निघून जाते. नॉर्वेचा शोधक रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात योआ हेवन येथे नेत्सिलिक इनुइटांच्या शेजारी राहिला व कातड्याचे कपडे आणि कुत्र्यांची गाडी यांविषयी पुष्कळ शिकला. १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोहोचला, त्यात या शिकवणीचा मोठा वाटा होता.

सगळीकडे हिम, तरी पाणी नाही

तहान लागली तर हिम का खाऊ नये? उणे २० अंशांवरचे एक किलो हिम शून्य अंशांपर्यंत आणायला ४२ किलोज्यूल, वितळवायला ३३४ आणि शरीराच्या तापमानापर्यंत नेण्यास १५५ किलोज्यूल उष्णता लागते. एकूण ५३१ किलोज्यूल, म्हणजे सुमारे १२७ किलोकॅलरी. दीड पोळीतली ऊर्जा केवळ एक लिटर पाण्यासाठी खर्च झाली! शिवाय तोंड व गळा थंड होतो तो वेगळाच. म्हणून स्टोव्हवर हिम वितळवून पाणी करतात, आणि मोहिमेतील रॉकेलचा हिशेब अन्नाइतक्याच काळजीने करावा लागतो. अन्नातही स्निग्ध पदार्थांना मान असतो, कारण एका ग्रॅम चरबीतून ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टातून ४.

डोळ्यांचे रक्षण हाही महत्त्वाचा भाग. ताजे हिम सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते. त्यातील अतिनील किरणांनी डोळ्यांचा पुढचा पडदा भाजतो व काही काळ दिसेनासे होते. इनुइटांनी यासाठी हाड, हस्तिदंत किंवा लाकूड कोरून अरुंद फटीचे चष्मे केले. फटीतून प्रकाश कमी येतोच, शिवाय तिरपे किरण अडल्याने दृश्य अधिक रेखीव दिसते. यात काच नाही, त्यामुळे श्वासाची वाफ बसण्याचा प्रश्नच नाही.

दिशा कशी ओळखायची?

चुंबकीय ध्रुव फार दूर नसल्याने येथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून बरीच ढळते व मंदपणे स्थिरावते. धुके पडले की आकाश व जमीन एकच होते. अशा वेळी वाटाड्या खाली पाहतो. हिवाळ्यात ठरावीक दिशेने येणारा जोरदार वारा हिमाचे जिभेच्या आकाराचे कठीण उंचवटे तयार करतो. त्यांना ‘उकालुराइत’ म्हणतात. आजचा वारा कोणत्याही दिशेचा असो, हे उंचवटे जुन्या वाऱ्याची दिशा दाखवीत राहतात. त्यांच्याशी ठरावीक कोन राखून चालले, की वाट चुकत नाही. उपग्रहाच्या मदतीने दिशा दाखवणारे यंत्र आता बहुतेकांकडे असते. ते दोन ठिकाणांमधली सरळ रेषा अचूक दाखवते. पण त्या रेषेखालचा बर्फ पातळ आहे, हे ते सांगत नाही.

वाटाड्याचा शब्द

येथे एक जुनी घटना आठवते. १८४५ साली इंग्लंडहून सर जॉन फ्रँकलिन यांची मोहीम दोन जहाजे घेऊन उत्तरेकडे गेली आणि तिच्यातील सर्व १२९ माणसे नाहीशी झाली. १८५४ मध्ये जॉन रे यांनी इनुइटांकडून ऐकलेली हकिगत लंडनला कळवली : माणसे उपासमारीने मेली, आणि अखेरीस त्यांनी मृत सोबत्यांचे मांस खाल्ले. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकानेही इनुइटांची साक्ष अविश्वसनीय ठरवली. पुढे सापडलेल्या हाडांवरील सुरीच्या खुणांनी ती खरी ठरवली. ‘इरेबस’ हे जहाज २०१४ मध्ये मिळाले, ते इनुइटांच्या तोंडी परंपरेने सांगितलेल्या भागातच. ‘टेरर’ हे दुसरे जहाज २०१६ मध्ये सॅमी कोगविक या इनुइट गृहस्थांनी दिलेल्या माहितीवरून सापडले.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. १९७९ पासून उत्तरध्रुवीय प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. समुद्र उशिरा गोठतो, लवकर फुटतो. पिढ्यान्पिढ्या पक्क्या असलेल्या वाटा आता दरवर्षी तपासाव्या लागतात. लाब्राडोरच्या किनाऱ्यावरील नाईन या गावात २००९-१० चा हिवाळा इतका उबदार गेला, की पाहणीत दर बारा माणसांमागे एकाने आपण बर्फातून खाली गेल्याचे सांगितले. यातूनच ‘स्मार्टआइस’ हा उपक्रम उभा राहिला. बर्फात रोवलेली तापमापक यंत्रे आणि कामुटिकवर बसवलेले, विद्युतचुंबकीय लहरींनी जाडी मोजणारे यंत्र असे त्याचे स्वरूप आहे. यंत्र कोठे रोवायचे आणि कोणत्या वाटेने न्यायचे, हे गावातील जाणकार ठरवतात. चालवतात व नकाशे करतात तेही गावचेच लोक. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक पुरस्कार मिळाला.

म्हणूनच अशा मोहिमेत एक नियम सगळ्यांत वरचा असतो : वाटाड्या ‘आज निघायचे नाही’ म्हणाला, तर निघायचे नाही. परतीच्या विमानाची तारीख बर्फाला ठाऊक नसते.

इनुइट समाजात शिकण्याच्या एका पद्धतीला ‘पिलिम्माक्सार्निक’ म्हणतात. निरीक्षण, जाणत्यांची सोबत, सराव आणि प्रयत्न यांतून कौशल्य मिळवणे, असा तिचा अर्थ. आपल्या वर्गात हिम नसले तरी ही पद्धत वापरता येईल. परातीत मैदा पसरून त्यावर तेच वजन आधी पेन्सिलीच्या टोकावर व मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवा आणि खड्ड्यांची खोली मोजा. एका वाटीत साधे पाणी व दुसरीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी घेऊन फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. आधी कोणते गोठते, आणि दाभण टोचल्यावर कोणता बर्फ कसा वागतो, ते पाहा. चष्मा लागणाऱ्या विद्यार्थ्याला चष्मा काढून, पुठ्ठ्याच्या अरुंद फटीतून फळ्यावरची अक्षरे वाचायला सांगा. उत्तर आधी सांगू नका. काय दिसले आणि ते तसे का दिसले असावे, हे विद्यार्थ्यांनाच लिहू द्या.